पेढी बंद, वही उघडी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. गणपती पेठेतील आमच्या घाऊक किराणा पेढीत पाणी शिरण्यापूर्वी दिवाणजींनी संगणकाचा डबा डोक्यावर घेऊन पोटमाळ्यावर चढवला, म्हणून त्या वर्षाचा जमाखर्च वाचला. खालच्या कपाटातील जुन्या खतावण्या आणि आजोबांच्या हातच्या कीर्दी मात्र गेल्या. पाणी ओसरल्यावर आम्ही पाने सोडवायला बसलो, तेव्हा कागद हाती येत होता, पण अक्षर येत नव्हते.

त्यानंतर साडेसात महिन्यांनी अगदी उलटे संकट आले. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. पेढी कोरडी होती, वही सुरक्षित होती, फक्त वहीपर्यंत पोहोचणारा माणूस नव्हता. किराणा जीवनावश्यक असल्याने ठरावीक वेळेत दुकान उघडण्यास परवानगी होती आणि माल येत-जात होता. परंतु आमचे दिवाणजी शेजारच्या तालुक्यातील गावी राहणारे, साठी ओलांडलेले. त्यांच्या गावाची वेस बंद झाली. इकडे आर्थिक वर्ष संपत आलेले, बिलांचा ढीग वाढत चाललेला आणि जमाखर्चाचा संगणक पेढीच्या कुलपाआड.

दोन्ही संकटांचे मूळ एकच होते, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आले. आमची वही एका जागेला आणि एका डब्याला बांधलेली होती. जागा बुडाली की वही बुडणार आणि जागा बंद झाली की वहीही बंद. ही गाठ सोडवण्याचे एक साधन म्हणजे सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन, मराठीत सांगायचे तर एका यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे चालवण्याची सोय. मोठ्या कंपन्या ते पुष्कळ वर्षांपासून वापरतात. व्यापारी घरांत त्याची चर्चा टाळेबंदीनंतर सुरू झाली, तीही बहुधा विक्रेत्याच्या तोंडून. म्हणून आमच्या पेढीने ते कसे स्वीकारले आणि त्याआधी कोणती चूक केली, हे मोकळेपणाने लिहीत आहे.

चूक आधी सांगतो. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात एका परिचिताने फोनवरून सांगितले आणि मी राउटरमध्ये एक वाट उघडून दिली. बाहेरच्याने इंटरनेटवरून थेट आमच्या संगणकाच्या दाराशी यावे, नाव आणि पासवर्ड सांगावा व आत शिरावे, अशी ती सोय. रिमोट डेस्कटॉपचे हे दार बहुधा ३३८९ या क्रमांकावर असते आणि जगभर कुठे ते उघडे दिसते, हे शोधणारे प्रोग्राम अहोरात्र फिरत असतात, याची मला गंधवार्ता नव्हती. पासवर्ड होता पेढीचे नाव आणि पुढे १२३. दिवाणजी घरबसल्या नोंदी करू लागले, तेव्हा मला माझ्या हुशारीचे कौतुकच वाटले होते.

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी त्यांचा फोन आला. "मालक, फायलींची नावंच बदलल्यात. एकबी उघडेना झालीय." पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी होती. रोज रात्री ज्या पेनड्राइव्हवर प्रत घेत असू, तो संगणकाला कायमचा लावलेला होता. त्यामुळे तीही प्रत कुलूपबंद झाली. आम्ही पैसे दिले नाहीत. कर सल्लागारांच्या कार्यालयात जानेवारीअखेरची एक प्रत निघाली, तीवरून पुढचे अडीच महिने कागदी बिले पाहून मी आणि वहिनींनी पुन्हा भरले. अकरा दिवस लागले. काही रोखीच्या नोंदींचा मेळ आजही मनासारखा लागलेला नाही. यात दोष सर्वस्वी माझा होता. कुलूप न लावता मी दार रस्त्यावर उघडले होते.

आता मूळ विषयाकडे येतो. जुन्या पेठेतला वाडा डोळ्यांपुढे आणावा. छप्पर एक, जोते एक, आड एक, पण आत पाच बिऱ्हाडे. प्रत्येकाचा दरवाजा वेगळा, चूल वेगळी, कुलूप वेगळे. एका बिऱ्हाडात काय शिजते, ते दुसऱ्याला दिसत नाही. सर्व्हर म्हणजे हा वाडा. त्यावर हायपरव्हायजर नावाचे सॉफ्टवेअर बसवले की ते भिंती घालते आणि प्रत्येक खोलीला जणू स्वतंत्र संगणक असल्याचा अनुभव देते. एका खोलीत विंडोज, दुसरीत लिनक्स, तिसरीत आणखी काही. आतल्या प्रोग्रामला आपण भाड्याच्या खोलीत आहोत हे सहसा कळत नाही. शिवाय ही सगळी खोली, सामानासकट, काही फायलींच्या रूपात साठवलेली असते. म्हणूनच ती उचलून दुसऱ्या वाड्यात नेता येते. आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट हीच. पूर आला तर डोक्यावर डबा नेण्याची गरज नाही. वही दुसऱ्या गावच्या यंत्रावर उघडता येते.

कल्पना नवी नाही. १९६० च्या दशकात यंत्रे अतिशय महाग होती, म्हणून एकाच यंत्रावर अनेकांना स्वतंत्र यंत्राचा भास देण्याचा प्रयोग आयबीएमने केला आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने तो बाजारात आणला. पुढे लहान संगणक स्वस्त झाले आणि ही गरज मागे पडली. त्या लहान यंत्रांचे प्रोसेसर या कामासाठी घडवलेलेही नव्हते. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने सॉफ्टवेअरच्या युक्तीने तो अडथळा ओलांडला. २००५-०६ च्या सुमारास इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच तशी सोय दिली आणि २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम नावाने ती आली. आज मध्यम प्रतीच्या यंत्रातही ही क्षमता असते आणि बहुतेकांच्या घरी ती न वापरता पडून आहे.

त्या वर्षीच्या दिवाळीआधी आम्ही एक जुना, दुरुस्त केलेला सर्व्हर घेतला. आठ कोअरचा प्रोसेसर, ६४ जीबी रॅम आणि एकमेकींची छाया धरणाऱ्या डिस्कच्या जोड्या. त्यावर प्रॉक्समॉक्स हे मुक्त हायपरव्हायजर बसवले. जमाखर्चाच्या खोलीला २४ जीबी, फायलींच्या खोलीला ८, येण्याजाण्याच्या फाटकाला ४ आणि पुतणीच्या अभ्यासासाठी चार-चार जीबीच्या तीन खोल्या. एकूण ४८. उरलेली रॅम मुद्दाम मोकळी ठेवली. विक्रेता म्हणत होता, अजून चार खोल्या सहज बसतील. इथे व्यापाऱ्याची बुद्धी उपयोगी पडते. प्रोसेसरचा वेळ वाटून वापरता येतो, कारण पाच माणसे एकाच क्षणी कळ दाबत नाहीत. एक हमाल पाच दुकानांची पोती आळीपाळीने उतरवतो, तसेच ते. रॅमचे तसे नाही. ती गोदामातली जागा आहे. एकाने पोती रचली की तिथे दुसऱ्याची मावत नाहीत. असलेल्या जागेपेक्षा अधिक जागा भाड्याने दिली, तर एके दिवशी सगळीच बिऱ्हाडे एकदम अडतात.

दूरस्थ कामाबाबत एक गैरसमज आमच्याकडेही होता. जमाखर्चाची फाईल पेढीत ठेवून घरच्या संगणकावरून इंटरनेटमार्गे उघडली तर काम होईल, असे वाटायचे. होते, पण रांगत होते, आणि मध्येच लाईन तुटली तर फाईल बिघडण्याची धास्ती. योग्य रीत वेगळी आहे. टॅली पेढीतल्या आभासी यंत्रावरच चालते. दिवाणजींच्या घरी येते ते फक्त त्या पडद्याचे चित्र आणि तिकडून जातात त्या कळांच्या खुणा. वही जागची हलत नाही. त्यामुळे त्यांचा दहा वर्षांचा जुना लॅपटॉप आणि खेड्यातले मोबाईल नेटवर्कही पुरते. लाईन तुटली तर पडदा जातो, नोंद राहते. पुन्हा जोडले की कर्सर होता तिथेच लुकलुकत असतो. मात्र पेढीकडील इंटरनेटचा चढता वेग पाहावा. जाहिरातीत उतरता वेग मोठ्या अक्षरांत असतो, पण इथे चित्र पेढीतून बाहेर जायचे असते.

आणि ते दार आता रस्त्यावर उघडत नाही. बाहेरून येणारा प्रथम व्हीपीएनच्या फाटकाशी येतो. आम्ही वायरगार्ड वापरतो. ज्याच्या यंत्रात आधी दिलेली किल्ली नाही, त्याला ते फाटक उत्तरसुद्धा देत नाही. आत आल्यावर प्रत्येकाचे स्वतःचे नाव व स्वतःचा पासवर्ड. ही व्यवस्था समजावून सांगितल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच प्रश्न विचारला होता. "तिजोरीची किल्ली माझ्याकडं हाय. ह्या वाड्याची कुणाकडं?"

प्रश्न बिनतोड होता. हायपरव्हायजरचा पासवर्ड ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळ्या बिऱ्हाडांच्या किल्ल्या. आमच्या घरी तो फक्त मला ठाऊक होता. मी आजारी पडलो असतो, तर साठ वर्षांची पेढी एका माणसाच्या स्मरणशक्तीवर टांगलेली राहिली असती. आज तो पासवर्ड मोहोरबंद पाकिटात अण्णांच्या तिजोरीत आहे आणि दुसरे पाकीट पुण्याला थोरल्या बहिणीकडे. बदलला की दोन्ही पाकिटे बदलायची. अनेक घरांत संगणकाचे सगळे ज्ञान परगावी शिकायला गेलेल्या मुलाकडे किंवा महिन्यातून एकदा येणाऱ्या तंत्रज्ञाकडे असते. त्यांनी हा प्रश्न आजच विचारून पाहावा.

शिक्षणाबाबतीत मात्र विक्रेत्यांच्या बोलण्यावर फार विसंबू नये. ऑनलाईन तासाला आभासी यंत्राचा काही उपयोग नाही. मास्तर बोलतात, मूल ऐकते, त्याला फोन किंवा साधा लॅपटॉप पुरतो. उलट असे चलच्चित्र सर्व्हरमधून फिरवून आणले तर ते अडखळते. खरा उपयोग सरावाचा. पुतणी वाणिज्य शाखेत शिकत होती, जोडीला प्रोग्रामिंगही. प्रयोगशाळा बंद. तिला मी एक खोली दिली आणि सांगितले की हवे ते मोड, पेढीच्या वहीला धक्का लागणार नाही. तिने पहिल्याच आठवड्यात लिनक्सची मुख्य फोल्डर पुसून टाकली. पाच मिनिटांत कोऱ्या साच्यातून नवी खोली उभी राहिली. मोडण्याची भीती गेली की शिकण्याचा वेग किती वाढतो, हे मी तिच्यात पाहिले. घरच्या एकमेव संगणकावर, ज्यात वडिलांचा धंदा आहे, कोणते मूल असे धाडस करील?

आपल्या समाजाची विद्यार्थी वसतिगृहे, बोर्डिंगे, यांच्यासाठी ही रीत फार उपयोगी आहे. तिथे देणगीत आलेले जुने संगणक धूळ खात असतात. ते स्वतः नवे प्रोग्राम चालवू शकत नाहीत, परंतु सर्व्हरवरच्या खोलीची खिडकी म्हणून अजून काही वर्षे चालतात. एक बरा सर्व्हर आणि दहा जुने संगणक एवढ्यावर टॅलीचा, हिशोबाचा आणि प्रोग्रामिंगचा वर्ग उभा राहतो. सुट्टीत गावी गेलेला विद्यार्थी तिथूनही आपली खोली उघडू शकतो. चालते यंत्र भंगारात न घालणे हे अपरिग्रहाशी जुळते की काटकसरीशी, याची चर्चा जाणकारांनी करावी. देणगीदारांना मी एवढेच सुचवीन की नव्या दहा संगणकांवर नावाच्या पाट्या लावण्यापेक्षा एका सर्व्हरला आणि त्याची निगा राखणाऱ्या माणसाच्या पगाराला हात लावावा.

खर्चाच्या बाबतीत यंत्रापेक्षा परवाने अधिक गोंधळ घालतात. हायपरव्हायजर फुकट मिळाले, तरी आतल्या खोलीतले विंडोज फुकट होत नाही. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड परवान्यात यंत्राचे सगळे कोअर मोजून दोन आभासी यंत्रांची मुभा मिळते. बाहेरून काम करणाऱ्या प्रत्येकासाठी रिमोट डेस्कटॉपचा परवाना वेगळा. एकाच वापरकर्त्याचा टॅलीचा परवाना चार जणांत वापरता येत नाही. हे आधी लिहून घ्यावे, कारण दरपत्रकात या ओळी शेवटी, बारीक अक्षरांत असतात. दुसरे म्हणजे एकाच कंपनीवर विसंबण्याची जोखीम. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत आणली. ज्यांनी सगळा वाडा त्यांच्या विटांनी बांधला होता, त्यांना भाड्याचा करार नव्याने करावा लागला. आणि ज्या पेढीत एकच माणूस जमाखर्च पाहतो, तिने सर्व्हर घेऊच नये. महिना भाड्याने मिळणारी जागा किंवा नीट बंदोबस्त केलेला एक संगणक तिला पुरेसा आहे.

मात्र वाड्याच्या उपमेतली एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. छप्पर एक आहे. पूर्वी एक संगणक बिघडला तर एकच काम अडत असे. आता सर्व्हर बंद पडला की जमाखर्च, फायली, फाटक, पुतणीचा अभ्यास, सगळे एकदम थांबते. हायपरव्हायजरमध्ये 'स्नॅपशॉट' नावाची सोय असते. एका बटनावर खोलीची त्या क्षणीची अवस्था टिपली जाते आणि नंतर तिथे परतता येते. नवा प्रोग्राम बसवण्यापूर्वी ती फार कामाची. पण तो टिपलेला क्षण त्याच यंत्रात, त्याच डिस्कवर राहतो. डिस्क गेली की तोही गेला. स्नॅपशॉटला प्रत समजून निर्धास्त राहिलेले दोन व्यापारी माझ्या ओळखीत आहेत.

प्रत म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. मूडबिद्रीच्या बसदीत धवला आणि जयधवला या टीका ताडपत्रांवर शतकानुशतके जपल्या गेल्या. बाहेरच्यांना त्यांचे दर्शन घडे, वाचन घडत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून खटपट केली. नकला झाल्या, बाहेर आल्या, आणि १९३९ मध्ये प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून षट्खंडागमाचा पहिला खंड धवला टीकेसह छापून निघाला. त्या पानांना एखादी आग किंवा वाळवी आधी लागली असती, तर आज आपण कशाचा स्वाध्याय केला असता? हा दाखला व्यापारी वहीसाठी फार मोठा आहे, हे मला कळते. पण एकमेव प्रतीची भीती दोन्हीकडे सारखीच.

कायद्यालाही ती भीती ठाऊक आहे. केंद्रीय जीएसटी नियमांतील नियम ५७ सांगतो की नोंदी संगणकावर ठेवत असाल, तर त्यांची योग्य राखीव प्रत ठेवली पाहिजे, अशी की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी मुदतीत त्या पुन्हा उभ्या करता याव्यात. या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायच्या असतात. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर हिशेबपुस्तकांची प्रत रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर हवी आणि १ एप्रिल २०२३ पासून जमाखर्चाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची खूण राहायला हवी. पूर आला होता, ही सबब माणुसकीला पटते. नियमाला ती पुरत नाही.

आमचा सर्व्हर आता माडीवर आहे. रोज रात्री खोल्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरते आणि दुसरी पुण्याला बहिणीच्या घरी ठेवलेल्या लहान यंत्रावर जाते. आठवड्याला एक डिस्क काढून तिजोरीत ठेवली जाते, जी कोणत्याही तारेला जोडलेली नसते. २०२० च्या एप्रिलने शिकवलेला हा धडा. जुलै २०२१ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेले. पेठेतली वीज तोडली, तेव्हा यूपीएसच्या इशाऱ्यावर यंत्र शिस्तीत बंद झाले आणि पुण्याच्या यंत्रावर जमाखर्चाची खोली उघडली. ती मंद चालत होती. पण देणी-घेणी दिसत होती, आणि पुरात उधारी कोणाकडे किती आहे एवढे दिसणेही मोठा आधार असतो.

एक तक्रार उरली आहे, ती यंत्राविषयी नाही. पेढी घरी आल्यापासून दिवाणजींना सुट्टी राहिली नव्हती. रात्री दहा वाजता मी एखादी नोंद विचारायचो आणि ते उठून लॅपटॉप उघडायचे. त्यांच्या सुनेने एकदा फोन घेऊन शांतपणे सांगितले, "मामंजींचं जेवण अजून व्हायचंय." मला लाज वाटली. आता सायंकाळी सातनंतर त्यांचे खाते आपोआप बंद होते. दशलक्षण पर्वात आमची खाती सायंकाळी सहालाच बंद होतात. ही वेळ अण्णांनी ठरवली आणि मी यंत्रात भरली. आणीबाणीसाठी पळवाट ठेवू का, असे मी विचारले होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

श्रुतपंचमीला मंदिरातील ग्रंथ बाहेर काढून, झटकून, नवी वेष्टने घालण्याची आपली रीत आहे. गेली काही वर्षे त्याच दुपारी आम्ही पेढीवर दुसरे एक काम करतो. चालू सर्व्हर बंद आहे असे समजून तिजोरीतल्या डिस्कवरून सगळी वही एका रिकाम्या यंत्रावर उभी करायची, घड्याळ लावून. पहिल्या वर्षी ती उभीच राहिली नाही, डिस्कवर तीन महिन्यांपूर्वीपासून काहीच उतरत नव्हते आणि कोणाच्या लक्षात आले नव्हते. यंदा दोन तास चाळीस मिनिटे लागली. दिवाणजींनी त्यांच्या गावाहून आत येऊन चैत्रातल्या एका गुळाच्या बिलाची नोंद काढून दाखवली. छपाई मात्र झाली नाही, प्रिंटरचा पत्ता जुनाच राहिला होता.